तीन बोटं जास्त

लोक मला माघारी ‘लाल दिवा’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. समोर ‘भागोजी आबा’ आणि पाठ वळली की लाल दिवा. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खेळाडूने वजन उचललं की तीन पंच तीन दिवे लावतात. उचल बरोबर असेल तर पांढरा, चुकली असेल तर लाल, आणि दोन पांढरे मिळाले की वजन पास. गेली अठरा वर्षं मी जिल्ह्यात पंच म्हणून बसतो आणि माझ्याकडून फुकटचा पांढरा दिवा आजवर कोणालाही मिळालेला नाही. सख्ख्या भाच्यालाही नाही. तो तेव्हापासून गणपतीला आमच्याकडे येत नाही. न येऊ दे, मोदक वाचतात.

पण मी माझं पुराण सांगायला बसलेलो नाही. मला मालनबद्दल लिहायचं आहे. पावस ते पूर्णगड या पट्ट्यात तिच्याबद्दल दोन वर्षं इतकं उलटसुलट बोललं गेलं, आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं, की एकदा सगळं सरळ सांगून टाकलेलं बरं. त्यात माझीही अब्रू जाणार आहे. जाऊ दे.

पूर्णगडच्या खाडीवरून वर आलं की सडा, म्हणजे कातळाचं पठार लागतं, आणि सड्यावर चिऱ्यांच्या खाणी. जांभ्या दगडाचे मशीनने कापलेले ठोकळे म्हणजे चिरे. आमच्याकडची घरं, कुंपणाचे गडगे, विहिरी सगळं चिऱ्याचंच. एक चिरा तीस-बत्तीस किलोचा भरतो. एसटीच्या वर्कशॉपमधून मी फिटर म्हणून निवृत्त झालो आणि घराभोवती कंपाउंड घालायला काढलं, तेव्हा चिऱ्यांच्या ट्रकबरोबर दोन बाप्ये आणि एक बाई आली. बाप्ये एकेक चिरा खांद्यावर घेत, चार खेपा झाल्या की विडी ओढायला बसत. बाई बसतच नव्हती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, आणि चढावर ट्रक अडला तेव्हा तर एकावर एक दोन. मी तिच्या पायांकडे बघत राहिलो. लिफ्टरच्या पायांकडे बघायची मला सवय आहे, त्यावरून लोकांचे गैरसमज होतात, पण त्याला इलाज नाही. ती चिरा उचलायला वाकायची नाही, गुडघ्यातून खाली जायची आणि पाठ ताठ ठेवून वर यायची. आमच्या पोरांना हे शिकवायला मला सहा-सहा महिने लागतात.

“नाव काय गो तुझं?” मी विचारलं.

“मालन.”

“वय?”

“चवतीस. कशाला वो? रेशनकार्डात घालताय काय?”

ती हसली तेव्हा बरोबरचे बाप्येही हसले. मी माझ्या रिकाम्या गोठ्याचं दार उघडून तिला आत बोलावलं. गुरं विकून दहा वर्षं झाली होती. आत लोखंडी बार, चकत्या आणि एक बाकडं होतं. मी बारला साठ किलो लावले आणि म्हटलं, उचल. तिने उचलले, खाली ठेवले आणि विचारलं, “आनी हे कुठं नेऊन टाकायचं?” कुठेच नाही, फक्त उचलायचं आणि ठेवायचं, हे ऐकून ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हातारा एसटीतून निवृत्त झाला तो उगीच नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तरी ती आली. खाणीवरून सुटली की संध्याकाळी सहाला यायची आणि दिवेलागणीपर्यंत थांबायची. नवरा मुंबईला एका कंपनीत वॉचमन, शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. मुलगी रत्नागिरीत वसतिगृहात राहून शिकत होती. घरी सासू, गोदूबाई. ती पहिल्या आठवड्यात गोठ्याच्या दारात येऊन बसली, सगळं बघितलन आणि निकाल दिलान, “म्हातारा बरा हाय. लोखंड तेवडं वायट.”

आमच्या खेळात तीन उचली. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलून ताठ उभं राहायचं. ते ती पोटातूनच शिकून आली होती. बेंच प्रेसला, म्हणजे बाकड्यावर उताणं पडून छातीवरचं वजन वर ढकलायला, ती हसत सुटायची. “आबा, झोपून काम? आमच्या मुकादमानं बगितलन तर हाकलून दील.” अडचण होती ती स्क्वॉटची. खांद्यावर बार घेऊन बैठक मारायची आणि उठायचं. सोपं वाटतं, पण नियम असा की मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली गेला पाहिजे. बोटभर वर राहिला तरी लाल दिवा. माणसाला वाटतं आपण पाताळात गेलो, आणि प्रत्यक्षात तो खुर्चीवर बसल्याइतकाच वाकलेला असतो.

मी कंपाउंडचे उरलेले दोन चिरे आणले आणि तिच्या मागे एकावर एक आडवे ठेवले. टेप लावून पाच वेळा मोजलं. पाच फूट एक इंचाच्या मालनला दोन चिरे अगदी नेमके होते. “बूड दगडाला लागलं की उठायचं,” मी सांगितलं, “लागलं पाहिजे, टेकून बसायचं नाही.”

हे तिला एका झटक्यात कळलं. खाणीवरच्या माणसांची मापं चिऱ्यातच असतात. अडीच चिरे खोल, दहा चिरे उंच, गडगा चार चिऱ्यांनी वाढव. मशीनने कापलेला चिरा सगळा एका मापाचा, त्यामुळे त्यांना टेप लागत नाही. तिने त्या दोन चिऱ्यांवर थाप मारली आणि म्हणाली, “माणूस खोटं बोलंल आबा, चिरा नाय बोलायचा.” जांभ्याची लाल माती कपड्याला लागते. सराव संपला की ती मागे हात लावून बघायची. पॅंटला लाल डाग असला की त्या दिवशीच्या बैठका खऱ्या. मला दिव्याची गरजच नव्हती.

एकदा मी तिला विचारलं की दिवसभर दगड वाहून संध्याकाळी पुन्हा हे कशासाठी करतेस. तिने उत्तर तयार ठेवल्यासारखं दिलं. “येवड्या घरांना चिरे वाह्यले, आबा. घर झालं की पाटी लागते दुसऱ्याच्या नावाची. डोक्यावरचा सगळा बोजा लोकांचा. ह्यो एकच माजा हाय.” चिपळूणला जिल्ह्याची स्पर्धा व्हायची आणि त्रेसष्ट किलो वजनगटात जी पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला जायची, पाठीवर ‘रत्नागिरी’ लिहिलेला टी-शर्ट घालून. मालनला तो टी-शर्ट हवा होता. दुसरं काहीही नको होतं.

मी तिला नव्वद किलोवर चार महिने अडकवून ठेवलं. पंचाण्णव लावले की ती दोन बोटं वर राहायची, म्हणून पुन्हा नव्वद. “खाली गो! अजून खाली! चिऱ्याला लाज वाटतेय काय तुझी?” असा माझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. शाबासकी देणं मला कधी जमलं नाही. वर्कशॉपमध्ये नट बरोबर बसला म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाहीत.

तेवढ्यात संदेश आला. मुंबईच्या कुठल्याशा जिममध्ये सहा-सात वर्षं काम करून, कोर्सबिर्स करून त्याने पावसच्या नाक्यावर स्वतःची जिम काढली. भिंतभर आरसे, थंडगार हवा, खरा कंपनीचा बार. पोरगा बोलायला गोड. मी मालनला ‘गो’ म्हणायचो, तो ‘मालनताई’ म्हणायचा. एकदा तिला त्याने बोलावून घेतलं, शंभर किलोचा बार खांद्यावर दिला आणि जिममधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती खाली गेली ते विचारायला मी तिथे नव्हतो.

आता संदेशकडे जातेय हे ती मला सांगायला आली ते नारळ आणि साखरेचा पुडा घेऊन. रीत सोडली नाही तिने. मी पडवीत होतो, तो उठून आत गेलो. बाहेरून तिचा आवाज आला, “आबा, रागावू नका. तितं मशीनी हायत. तुमी शिकवलंत ते इसरायची नाय.” मग ती म्हणाली, “ते दोन चिरे न्हेऊ काय? त्यांची सवय झालीय.”

“ने,” मी आतून म्हटलं.

मला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. दीड वर्ष मी या बाईच्या गुडघ्यांवर नजर लावून बसलो आणि ती आरशांना भुलली. त्या रात्री मी ती साखर चहात घातली नाही. मुंग्यांनी खाल्ली.

संदेशने त्या दोन चिऱ्यांचं काय केलं ते गावाला महिनाभरात कळलं. एकावर एक सिमेंटने बसवले, चारी बाजूंनी गिलावा केला आणि वर पांढरी गुळगुळीत लादी लावली. ताईंचे कपडे मळायला नकोत, म्हणून. जिममधला सगळ्यात मानाचा स्टूल तो. त्यानंतर मालनचे आकडे जे चढले ते थांबेनात. शंभर, एकशे दहा, आठव्या महिन्यात एकशे वीस. नाक्यावर तिचा फोटो असलेला बोर्ड लागला, खाली ‘रत्नागिरीची वाघीण’. गोदूबाई त्या बोर्डाखाली उभी राहून एसटीची वाट बघू लागली, थांबा पलीकडे असूनही.

आणि लोक मला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागले. म्हाताऱ्याने पोरीला दाबून ठेवलंन. नव्वदवर चार महिने! तिकडे गेली आणि बघा. मी दुकानात जाऊन अर्धा पाव फरसाण घ्यायचो तेवढ्या वेळात दोन जण ऐकवून जायचे. खरं सांगतो, मलाही तसं वाटायला लागलं. बसलो असेन मी तिच्या वाटेत, कोणी सांगावं.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी तिचा एकशे वीसचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत माझ्याही फोनवर आला. त्या व्हिडिओबद्दल मला पुढे बोलायचं आहे. आत्ता नाही.

स्पर्धा चिपळूणला एका मंगल कार्यालयात होती. आमच्या खेळात दोन प्रकार असतात. एकात खेळाडू जाड, घट्ट सूट घालतात, गुडघ्यांना लांब पट्ट्या आवळतात, आणि त्या ताणाने चांगलं तीस-चाळीस किलो जास्त उठतं. दुसऱ्यात फक्त साधा सिंगलेट, म्हणजे अंगाबरोबरचा बिनबाह्यांचा पोशाख, आणि कमरेला पट्टा. त्या दिवशी दुसरा प्रकार होता. सूटवाल्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांचा आधार अंगावर सगळ्यांना दिसतो, स्टेजवर जाण्याआधी तपासूनही घेतात.

गोदूबाई पहिल्या रांगेत बसली होती. सकाळी गावदेवीला गाऱ्हाणं घालून आली होती, सुनेचा सिंगलेट दिसू नये म्हणून बरोबर शालही आणली होती. मी डाव्या बाजूच्या पंचाच्या खुर्चीवर. उजवीकडे कोल्हापूरहून आलेला पंच, त्याला कोण मालन आणि कोण मी, काही माहीत नव्हतं. समोर मुख्य पंच.

मालनने पहिला स्क्वॉट एकशे पंधराचा मागितला होता. बार खांद्यावर घेऊन ती मागे आली. पाय तसेच, पाठ तशीच, मी शिकवलेली. खाली गेली आणि तीन बोटं वर असतानाच उठली. बारने तिला जराही त्रास दिला नाही. मी लाल दाबला. समोरून खोली दिसत नाही, मुख्य पंचाचा पांढरा लागला. कोल्हापूरवाल्याचा लाल. वजन नापास.

तिला वाटलं काहीतरी चूक झाली. हसतच परत आली, पुन्हा एकशे पंधरा. पुन्हा तिथेच थांबली, त्याच तीन बोटांवर, जणू खाली काहीतरी लागलं तिला. दोन लाल. तिसऱ्या वेळी मी मनात म्हणत होतो, जा गो, अजून खाली, खाली. पंचाला तोंड उघडता येत नाही. ती तिथूनच उठली.

स्क्वॉटच्या तिन्ही संधी वाया गेल्या की खेळाडू स्पर्धेतून बाद. तिची ती जन्मजात डेडलिफ्ट कोणी बघितलीसुद्धा नाही. त्रेसष्टच्या गटात पहिली आलेल्या मुलीचा स्क्वॉट होता पंच्याऐंशी किलोचा. पंच्याऐंशी! माझ्या गोठ्यातले लाल डागांचे नव्वद मागितले असते तर तो टी-शर्ट मालनचा होता.

संदेश स्टेजच्या खालून ओरडला, “आबा, जुना राग इथे काढू नका! सगळ्यांना माहीत आहे ती तुम्हाला सोडून आलीय!” हॉलमधली अर्धी मंडळी आमच्याच पट्ट्यातली. गलका झाला. मालन स्टेजवरून उतरता उतरता माझ्या खुर्चीपाशी थांबली. तिच्या कपाळाला, हाताला लावायच्या खडूची पांढरी भुकटी लागली होती.

“आबा, तुमीच? मी सोडलं म्हनून?”

पंचाने खेळाडूशी बोलायचं नसतं. मी समोर बघत राहिलो. गोदूबाईने शाल सुनेच्या खांद्यावर टाकली आणि जाता जाता मला म्हणाली, “डोळं फुटलं काय रे तुजं, म्हाताऱ्या? की मन फुटलं?”

त्यानंतर वर्षभर मी गावात दगाबाज म्हणून वावरलो. माझ्या कंपाउंडवर, मालनने वाहून आणलेल्या चिऱ्यांवर, कोणीतरी कोळशाने ‘लाल दिवा’ लिहून ठेवलं. मी ते पुसलं नाही. मालन समोरून आली की रस्ता बदलायची. तिला शिकवलेलं सगळं तिच्या पाठीत होतं आणि तोंडावर मात्र माझ्याबद्दलची शिसारी. मला फार लागलं ते. नियमाने दिवा लावला आणि बेइमान ठरलो, हे दुःख मी गोठ्यात एकटाच बसून कुरवाळत राहिलो, आणि त्यात मला थोडं सुखही वाटत होतं.

पुढच्या मे महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास, मालन माझ्या फाटकातून आत आली. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर काहीतरी चपटं. तिने ते पायरीवर उतरवलं. जांभ्याचा कापलेला तुकडा होता, चिऱ्याइतकाच लांबरुंद पण जाडीला तीन बोटं. दोन्ही अंगांना सिमेंट चिकटलेलं.

“बगा, आबा,” ती म्हणाली आणि पायरीवर न बसता उभीच राहिली.

तिने सांगितलं ते असं. संदेशची जिम रस्त्यापलीकडच्या मोठ्या गाळ्यात हलत होती. सामान न्यायचं होतं. पोरं तो लादीचा स्टूल दोघांत उचलायला बघत होती, तेव्हा मालन म्हणाली, सोडा, दोन चिरे तर आहेत. इतके दिवस ती त्यावर फक्त टेकली होती, उचलला कधीच नव्हता. तिने हात घातला, उचलला, आणि दोन पावलं जाऊन थांबली.

“आबा, दोन चिऱ्यांचं वजन माज्या हाताला म्हायती नाय काय? गिलावा धरला, लादी धरली, तरी हे आठ-धा किलो जास्त व्हतं. मी तितंच खाली ठेवलं आनी हातोडी मागितली.”

दोन चिऱ्यांच्या मध्ये हा तिसरा तुकडा निघाला.

“संदेश काय म्हणाला?” मी विचारलं.

“रडला. म्हनाला, ताई, तुमचा गुडगा दुकत व्हता तवा आठवड्यापुरता घातला. मग आकडा वाढला, तुमी हसलात, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यान, काढायचं कसं? चिपळूनला जोशात तुमी खाली जाल असं वाटलं.” तिने वाकून तुकड्यावरच्या सिमेंटवर टिचकी मारली. “आठवड्यापुरतं कोन सिमेंट लावतं वो, आबा?”

सुटाचा आधार अंगावर दिसतो. हा तिच्याखाली चिणलेला होता, आणि तोही माझ्याच गोठ्यातून नेलेल्या दगडांत. जी बाई नजरेने भिंतीचा ओळंबा सांगते ती फसली, कारण तिने चिऱ्यावर विश्वास ठेवला होता. टेप लावायची तिला गरजच वाटली नाही.

“मी तुमाला नको नको ते बोलले,” ती म्हणाली. “सासू बोलली. गाव बोललं. तुमी बरोबर व्हतात.”

वर्षभर मी याच वाक्याची वाट बघत होतो. ते आलं आणि मी मान हलवून ते घेणार होतो. तेवढ्यात तिने पायरीवरच्या तुकड्याकडे बघत विचारलं, “पन एक सांगा. तुमचा डोळा फिटरचा. बोटभर कमी-जास्त तुमाला लांबनं दिसतं. तो व्हिडिओ तुमाला आलेला. तुमाला नाय दिसलं?”

आता तो व्हिडिओ. मी तो त्या दिवशी चार वेळा बघितला होता. पहिल्याच वेळी दिसलं होतं. मांडी, गुडघा, आणि मधली तीन बोटं. स्टूल उंच आहे हेही कळलं होतं. पंधरा दिवस होते हातात. एक फोन केला असता, किंवा पावसला जाऊन त्या पोराच्या आरशांसमोर टेप लावला असता, तर ती पंधरा दिवसांत पुन्हा नव्वदवर येऊन खाली गेली असती. मी फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसलो. म्हटलं, तिला तिचे सर आहेत. म्हटलं, कळू दे स्टेजवर. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हेही लिहून ठेवतो.

“दिसलं होतं,” मी म्हणालो.

ती ओरडेल असं मला वाटलं. तिने फक्त चुंबळ झटकली, लाल माती खाली पडली.

“त्यानं दगड घातलान,” ती म्हणाली, “पन त्याला खाली-वर कळत नाय, तो पोर हाय. तुमाला कळत व्हतं.” मग पायाने तो तुकडा तिने पायरीच्या कडेला सरकवला. “ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. अर्धा तुमचाच हाय.”

मी गोठ्याचं दार उघडं ठेवलं, बारला तेल दिलं, आठ दिवस संध्याकाळी सहाला पडवीत बसलो. ती आली नाही. नंतर कळलं की फोडलेल्या स्टुलातले ते दोन चिरे तिने संदेशकडून उचलून घरी नेले आणि अंगणात मांडले. आंब्याच्या फांदीला दोर बांधून, त्यात अडकवलेल्या लोखंडी पाइपाला चिऱ्याचे तुकडे लटकवून ती एकटीच सराव करते. गोदूबाई समोर बसते आणि प्रत्येक बैठकीनंतर सुनेच्या पॅंटला डाग लागला की नाही ते बघते.

या वर्षीची स्पर्धाही चिपळूणलाच झाली. यादीत मालनचं नाव होतं, प्रशिक्षकाच्या रकान्यात रेघ. मी संयोजकांना सांगितलं की त्रेसष्टच्या गटाला मला बसवू नका, आमचं जुनं आहे. त्यांनी तिला विचारलं. तिने निरोप पाठवला, “त्यांनाच बसवा. डाव्या बाजूला.”

तिने नव्वद मागितले. नाव पुकारलं तसं संदेश नाही, मी नाही, कोणीही पाठीशी नसताना ती एकटी आली. मागे दगड नव्हता. खाली गेली, गुडघ्याच्या खाली, त्याच्याही खाली, मी कधी सांगितलं होतं त्यापेक्षाही खाली, आणि तिथे क्षणभर थांबली. मुद्दाम थांबली. तिने मान वळवली नाही, नियमात बसत नाही, पण ती थांबली होती ती माझ्यासाठी हे मला कळलं. मग उठली. तीन पांढरे.

त्रेसष्टच्या गटात या वर्षी रत्नागिरी शहरातली एक कॉलेजची मुलगी आली होती, तिने शंभर मारले. बाकीच्या उचली धरून मालन दुसरी आली. टी-शर्ट त्या मुलीला मिळाला. पुढच्या वर्षी मालन अडतीसची होईल.

जाताना ती माझ्या खुर्चीपाशी थांबली. खडूची भुकटी, खांद्यावर सासूची शाल.

“आबा,” ती म्हणाली, “आज बोललात ते बरं केलंत.”

मी एक शब्दही बोललो नव्हतो. फक्त दिवा लावला होता. तिने माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं नाही, हसली नाही, उत्तरासाठी थांबलीही नाही. गोदूबाईचा हात धरून ती एसटी स्टँडकडे चालू लागली आणि मी पुढच्या खेळाडूचं नाव पुकारलं जाईपर्यंत दाराकडे बघत राहिलो.

तो तीन बोटांचा तुकडा माझ्या पायरीपाशी अजून आहे. येणारे-जाणारे त्यावर चपला काढतात. मी काढत नाही.